बेबेनहाउझेन : मठ बघाच, पण गावासाठीही वेळ ठेवा

स्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांकडे भारतातून पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. मर्सिडीजचं म्युझियम, लुडविग्सबुर्गचा राजवाडा, हाताशी दिवस असला तर ब्लॅक फॉरेस्ट. माझं म्हणणं, या यादीत बेबेनहाउझेन घाला आणि शक्य तितकं वर घाला. मी सिंडेलफिंगेनला राहते, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तिथे नेते, आणि अजून कुणी नाराज होऊन परतलेलं नाही.

स्टुटगार्टच्या दक्षिणेला ट्युबिंगेन शहर आहे, त्याच्या उत्तरेला, शोनबुखच्या जंगलात शिरताना हे गाव लागतं. वस्ती जेमतेम साडेतीनशेची. ट्युबिंगेनहून बसने थोडक्यात पोचता येतं. गाडीने वाल्डेनबुखकडून आलात तर वाटेत रिटर स्पोर्टचा चॉकलेटचा कारखाना आहे, मुलं बरोबर असतील तर तिथे थांबावंच लागेल.

आधी मठाबद्दल. ट्युबिंगेनचा सरदार, पॅलेटाइन काउंट रुडॉल्फ पहिला, याने साधारण 1183 मध्ये तो स्थापन केला, आणि 1190 मध्ये हायडेलबर्गजवळच्या शोनाउहून सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाचे साधू इथे राहायला आले. या पंथाला उंच मनोरे वर्ज्य होते, छपरावर छोटा कळस तेवढा चालायचा. तो कळसच इथल्या साधूंनी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला असा काही घडवला की मान वर करून बघतच राहावं. सगळा दगडाचा, पण जाळीकाम इतकं बारीक की आरपार आकाश दिसतं. नियम पाळून एवढं सुंदर काही करता येतं, हे मला फार भावतं.

आत गेल्यावर घाई करू नका. उन्हाळ्यातलं भोजनगृह 1335 चं आहे. खोलीच्या मधोमध एका रांगेत सडपातळ खांब, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यातून माडाच्या झावळ्यांसारख्या फासळ्या फुटून छतभर पसरलेल्या. छतावर वेलबुट्टी रंगवलेली आहे. दुपारी मोठ्या खिडक्यांतून उजेड येतो तेव्हा भिंतीला टेकून नुसतं उभं राहा.

मठाच्याच आवारात राजवाडा आहे, तो गाइडसोबतच बघायला मिळतो, म्हणून निघण्याआधी वेळा बघून घ्या. माहिती जर्मनमध्ये सांगतात, बरोबर कुणी भाषा जाणणारं असेल तर बरं. साधू गेल्यावर इथे प्रोटेस्टंट शाळा होती, ती 1807 मध्ये बंद झाली आणि व्युर्टेंबेर्गच्या, म्हणजे स्टुटगार्टभोवतालच्या तेव्हाच्या राज्याच्या, राजांनी जागा शिकारीच्या मुक्कामासाठी घेतली. शेवटचा राजा विल्हेल्म दुसरा 1918 मध्ये पायउतार झाला तो इथेच राहायला आला, आणि 1921 मध्ये इथेच वारला. स्टुटगार्टमध्ये राजेशाही उलथवणाऱ्या 1918 च्या क्रांतीच्या दिवसांत जे झालं ते त्याच्या मनाला इतकं लागलं होतं, की आपली अंत्ययात्रा स्टुटगार्टमधून नेऊ नका असं त्याने सांगून ठेवलं होतं. ती शहराला वळसा घालून लुडविग्सबुर्गला गेली. राणी शार्लोट 1946 पर्यंत, म्हणजे आणखी पंचवीस वर्षं, याच घरात राहिली. स्वयंपाकघर चुकवू नका. भली मोठी चूल आणि टांगलेली भांडी बघून माझ्या सासूबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या.

बहुतेक लोक एवढं बघून परत बसमध्ये बसतात. मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. मी पुण्यात नगररचना शिकले, आणि माझं माहेर धायरीचं. आमचं गाव 2017 मध्ये पुणे महापालिकेत गेलं आणि ग्रामपंचायत संपली. त्यामुळे शहराने गाव आपल्यात घेतलं म्हटलं की माझे कान टवकारतात.

बेबेनहाउझेन 1974 मध्ये ट्युबिंगेनमध्ये सामील झालं. त्या काळात बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यात नगरपालिका आणि ग्रामपालिका एकत्र करण्याचा मोठा कार्यक्रम चालू होता. सुमारे 3,380 होत्या, त्यांच्या 1,110 च्या आसपास उरल्या. ट्युबिंगेनने हिर्शाउ, हागेलोख, फ्रोनडॉर्फ वगैरे गावं 1971 मध्येच घेतली होती, बेबेनहाउझेन सगळ्यात शेवटी आलं.

आणि हे कोणतं गाव? ज्याच्या मठाने एके काळी ट्युबिंगेनमध्ये धान्याची कोठारं ठेवली होती ते. रुडॉल्फच्या वंशजांची मिळकत कर्जापायी हातातून जात राहिली, खुद्द ट्युबिंगेन शहर त्यांनी 1342 मध्ये व्युर्टेंबेर्गच्या काउंटांना विकलं. मठ मात्र श्रीमंत होत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच अमलाखालच्या व्युर्टेंबेर्ग-होहेन्झोलर्न राज्याची राजधानी ट्युबिंगेन होती, पण त्याची विधानसभा 1952 पर्यंत बसायची ती बेबेनहाउझेनला. साडेतीनशे माणसांच्या गावात विधानसभा!

गाव अजून गावासारखं का राहिलं याचं उत्तर पायी फिरताना मिळतं. गोल्डर्सबाख ओढ्याच्या काठाने खाली लुस्टनाउकडे चालत जा. लुस्टनाउही जुनं गाव, 1934 मध्ये ट्युबिंगेनमध्ये गेलं, आणि आज शहर कुठे संपतं आणि ते कुठे सुरू होतं हे कळत नाही. बेबेनहाउझेनच्या बाजूला मात्र दरी अरुंद होत जाते आणि दोन्ही अंगांनी जंगल खाली उतरतं. घरं वाढायला जागाच नाही. या जंगलात एकदा मोठा विमानतळ करायचा घाट घातला होता. लोकांनी तो हाणून पाडला आणि 1972 मध्ये शोनबुख हे राज्यातलं पहिलं निसर्ग उद्यान झालं. शिवाय अख्खं गाव वारसा म्हणून संरक्षित आहे, त्यामुळे लाकडी चौकटीची घरं जशीच्या तशी आहेत.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सामील झाल्यावरही गावाची स्वतःची निवडून दिलेली परिषद राहिली, तिचा प्रमुख आहे, आणि गावाशी संबंधित विषयांवर शहराला तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. या राज्याच्या कायद्यातच तशी सोय आहे. धायरीला पाण्याच्या टँकरसाठी कुणाचं दार वाजवायचं हे आईला अजून कळत नाही. अशी एखादी परिषद आमच्याकडे असती तर किती फरक पडला असता, असं मला तिथे दर वेळी वाटतं.

जेवणाचं म्हणाल तर गावात पर्याय थोडे आणि महाग. शाकाहारी असाल तर केझे-श्पेट्झले, म्हणजे चीज घातलेले इथले नूडल्स, मागवा, पोटभर होतं. माउलटाशेनमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या चौकोनांत, बहुधा मांस असतं, विचारून घ्या. आम्ही बहुतेक वेळा घरून धपाटे आणि चटणी नेतो आणि ओढ्याकाठच्या बाकावर बसून खातो. वयस्कर माणसं असतील तर मठाजवळचे चढ आणि दगडी फरशी लक्षात घेऊन चांगले बूट घालायला सांगा. हिवाळ्यात मठाच्या आत बाहेरपेक्षा जास्त गारठा वाटतो.

दिवस असा आखा: सकाळी ट्युबिंगेनमध्ये बेबेनहाउझेनचं जुनं कोठार, बेबेनहॉयझर फ्लेगहोफ, बाहेरून बघा. त्याचं उतरतं प्रचंड छप्पर बघितलं की त्यात किती धान्य मावत असेल याचा अंदाज येतो. मग बसने मठ, दुपारी राजवाडा, आणि परतताना लुस्टनाउपर्यंत पायी. तिथून शहराची बस सहज मिळते.