काँग गावात आठ महिने : राहून आलेला अनुभव

ऑक्टोबर ते मेअखेर मी आयर्लंडच्या मेयो काउंटीतल्या काँगमध्ये भाड्याने राहिले. बहुतेक प्रवासी हे गाव एका दुपारी उरकतात. 1951 मध्ये हॉलिवूडचे कलाकार जॉन वेन आणि मॉरीन ओहारा इथे चित्रीकरणाला आले होते, त्यांच्या पुतळ्यापाशी फोटो काढायचा, ख्रिस्ती मठाचे अवशेष बघायचे आणि निघायचं. मला मात्र हे गाव कळायला हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही लागले.

कारण इथली खरी गोष्ट पाण्याची आहे. उत्तरेला लॉख मास्क (लॉख म्हणजे सरोवर), दक्षिणेला लॉख कॉरिब आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. नावाचा अर्थही तोच. खाली सगळा पोखरलेला चुनखडीचा खडक. मास्कचं पाणी जमिनीखालून येतं आणि गावात उसळून वर निघतं. दुष्काळाच्या काळात, 1848 मध्ये, दोन्ही सरोवरं जोडायला कालवा खणायला घेतला, तेवढंच भुकेल्या लोकांच्या हाताला काम. 1854 मध्ये तो अर्धवट सुटला. डिसेंबरात मी त्याच्या काठाने फिरायचे तेव्हा पाणी भरपूर होतं, याला 'कोरडा कालवा' का म्हणतात ते कळेना. मेमध्ये तळाचे दगड उघडे पडले. काठाच्या भिंतींचे घडीव चिरे अजून जागचे हललेले नाहीत. ज्यांनी ते बसवले त्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली असेल का, हा विचार मनातून जात नाही.

मठ बाराव्या शतकातला. आयर्लंडचा शेवटचा उच्चराजा, म्हणजे बाकी राजांवरचा राजा, रुअरी ओकॉनर 1198 मध्ये इथेच वारला. नदीवर भिक्षूंचं मासेमारीचं दगडी घर आहे, त्याच्या जमिनीतच पाण्यावर उघडणारं भोक. मला ते मठापेक्षाही आवडलं.

शेजारच्या नील गावच्या कुळांनी 1880 मध्ये जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याला वाळीत टाकलं. शेतात मजूर नाही, दुकानात माल नाही. त्याच्या आडनावाचाच शब्द झाला. टिळकांच्या चतुःसूत्रीतला 'बहिष्कार' इंग्रजीत ज्या शब्दाने सांगितला जायचा, तो या शेतांतून निघाला, हे कळल्यावर मी पुण्याला आईला लगेच फोन केला.

आता राहण्याचं. गाडी नसेल तर हाल होतात, बस फार कमी. माझ्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला जानेवारीत बुरशी आली आणि घरमालकाने दुरुस्तीला दोन महिने लावले. कपडे वाळतच नाहीत. पण समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतो, आणि दुसऱ्या आठवड्यातच शेजारच्या आजींनी पीटची, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीची, पोती आणून दिली, शेगडी कशी लावायची तेही शिकवलं. त्यांच्याशी बोलताना फुटबॉलचा विषय जपून काढा. मेयोने ऑल-आयर्लंड, म्हणजे आयरिश पद्धतीच्या गेलिक फुटबॉलची देशपातळीवरची स्पर्धा, शेवटची जिंकली तीही 1951 मध्येच, आणि त्यांना ते काल घडल्यासारखं दुखतं.