बजेटमधली लांब पल्ल्याची रायफल: बॅरल झकास, स्टॉकने मात्र डोकं उठवलं

सर्व्हिस सेंटरमधून रायफल परत आली, सोबत एक कागद: 100 मीटर, तीन गोळ्या, ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) 0.7 एमओए (कोनाचं माप, 100 मीटरवर 1 एमओए म्हणजे सुमारे 2.9 सेंमी), शेरा ‘दोष आढळला नाही’. तक्रार अशी होती की वाळूच्या पिशवीवर बांधलेला झिरो (स्कोपचं निशाण आणि मार यांचा जुळवलेला मेळ) बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) टिकत नाही, 0.6 मिल (हेही कोनाचं माप, 100 मीटरवर 1 मिल म्हणजे 10 सेंमी) वर आणि थोडा उजवीकडे सरकतो. त्यांनी तपासली कशावर, तर वाळूच्या पिशवीवर! येण्याजाण्याचा पार्सल खर्च गिऱ्हाइकाचा, कारण ‘दोष नाही’. त्यामुळे या रिव्ह्यूत स्टॉकबद्दल (बॅरल आणि यंत्रणा ज्यात बसते त्या दस्त्याबद्दल) जरा जास्तच वाचायला मिळेल, ते चालवून घ्या.

आधी त्या तीन गोळ्यांचं बघू. ‘सब-एमओए गॅरंटी’ जवळपास सगळेच देतात आणि बहुतेक ठिकाणी ती तीन गोळ्यांची असते. त्याच रायफलीतून, त्याच काडतुसांनी दहा गोळ्या मारल्या तर ग्रुप सरासरीने दीडपटीहून थोडा जास्तच निघतो. यात रायफलीचा दोष नाही, ते साधं संख्याशास्त्र आहे. म्हणजे तीन गोळ्यांचा 0.7 हा दहा गोळ्यांचा 1.1 धरायचा. हे बॅरल दहा गोळ्यांत पिशवीवरून 1.0 ते 1.2 देतं, आणि या किमतीत ते उत्तम आहे. 6.5 क्रीडमूर काडतूस, 24 इंच बॅरल, 1:8 ट्विस्ट (8 इंचांत गोळीचा एक फेरा), बाकी स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत. बॅरलबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती स्टॉकच्या पुढच्या भागाची. मोल्ड केलेलं पोकळ प्लॅस्टिक, आत पातळ आडव्या-उभ्या फासळ्या आणि वर बॅरलसाठी कोरलेली खोबण. जाहिरातीत ‘फ्री फ्लोट’ (बॅरल स्टॉकच्या पुढच्या भागाला कुठेच टेकत नाही) लिहिलंय आणि रायफल टेबलावर नुसती ठेवली तर ते खरंही आहे. बायपॉडवर खांद्याने पुढे रेटा दिला की मात्र हा भाग वर वाकतो आणि खोबणीची कड बॅरलला टेकते. टेकली की बॅरलची थरथर बदलते आणि मार सरकतो. खांद्याचा दाब प्रत्येक गोळीला सारखा नसल्यामुळे तो दरवेळी वेगवेगळा सरकतो, आणि ग्रुप गोल न येता तिरपा लांबट येतो. पिशवी मात्र रिसीव्हरच्या (बॅरलच्या मागे बोल्ट बसतो त्या भागाच्या) जवळ ठेवलेली असते, तिथे स्टॉक जाड आहे, वाकत नाही. म्हणून सर्व्हिसवाल्यांच्या कागदावर सगळं छान. 0.6 मिल म्हणजे 100 मीटरवर फक्त 6 सेंमी, पण 900 मीटरवर तेच 54 सेंमी होतात, म्हणजे निशाणाच्या प्लेटच्या पार बाहेर.

हे तपासायला गोळी लागत नाही. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा. जाड कागदाची पट्टी दुहेरी घडी करून बॅरलच्या खाली घाला आणि पुढून रिसीव्हरपर्यंत सरकवा. मग रायफल बायपॉडवर ठेवा, एकाने नेहमीसारखा खांद्याने रेटा द्यायचा आणि दुसऱ्याने पट्टी सरकवायची. अडकली की निदान झालं. दुकानात बायपॉड नसेल तर फोरएंडचं (स्टॉकच्या पुढच्या भागाचं) टोक आणि बॅरल एका मुठीत धरून दाबा. साध्या मुठीने फट बंद होत असेल तर पुढे काय होणार ते कळलंच. बाजूने दाबूनही बघा, बरेच स्टॉक खालून ठीक असतात आणि बाजूने टेकतात.

दुसरी तपासणी ॲक्शनच्या (रिसीव्हर आणि बोल्ट यांच्या जोडीच्या) स्क्रूंची. दोन्ही स्क्रू पूर्ण टॉर्कवर (ठरलेल्या जोराने आवळलेले) असताना बॅरल आणि स्टॉक यांच्या सांध्यावर बोट ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाला बॅरल उचलल्यासारखं जाणवलं तर ॲक्शन स्टॉकमध्ये सरळ बसत नाही, स्क्रू तिला वाकवून बसवतायत. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधलाच घ्यायचा. साधारणपणे पिलर (स्क्रूभोवतीची धातूची नळी) नसलेल्या प्लॅस्टिक स्टॉकला 35 इंच-पाउंडच्या आसपास, ॲल्युमिनियम पिलर किंवा चेसिसला (स्टॉकऐवजी लावायच्या धातूच्या सांगाड्याला) 60 ते 65. पिलर नसलेल्या स्टॉकवर 65 लावले की प्लॅस्टिक चेपत जातं आणि दर आठवड्याला झिरो नवा. स्क्रू आवळण्याआधी रायफल बटवर (मागच्या टोकावर) उभी करून हलकेच आपटायची, म्हणजे रिकॉइल लग (गोळीचा धक्का स्टॉकवर देणारा ॲक्शनखालचा खुंट) मागे नीट टेकतो. मग पुढचा स्क्रू आधी, मागचा नंतर.

इथपर्यंतचं लिहिलं तेव्हा सल्ला सरळ होता: ही रायफल घेऊ नका, किंवा घेतलीत तर चेसिसचे पैसे बाजूला ठेवा. चेसिसची किंमत रायफलीच्या निम्म्याच्या पुढे जाते, म्हणजे ‘बजेट’ हा शब्द तिथेच संपला. पण स्टॉक कडक करून झाल्यावर मत बदललंय. काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

ॲक्शन स्टॉकमधून काढायची. खोबणीच्या तळाच्या फासळ्यांना कानसेने खाचा पाडून दोन पोकळ नळ्या (कार्बन किंवा ॲल्युमिनियम, 6 ते 8 मिमी व्यासाच्या) लांबीच्या दिशेने बसवायच्या. या प्लॅस्टिकला एपॉक्सी मनापासून चिकटत नाही, आणि बहुतेकांचं काम इथेच फसतं. म्हणून आतला पृष्ठभाग 60 नंबरच्या पॉलिश पेपरने खरडायचा, फासळ्यांना 3 मिमीची भोकं पाडायची म्हणजे एपॉक्सी त्यातून आरपार जाऊन अडकून बसेल, आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्यायचं. बायपॉडच्या स्टडचा नट एपॉक्सीत बुडणार असेल तर आधी स्टड घट्ट करून ग्रीस लावून घ्या, नाहीतर नंतर तो निघणार नाही. रिकॉइल लगच्या खाचेपुढे मुलांच्या खेळातल्या मातीचा बांध घाला, नाहीतर एपॉक्सी वाहत जाऊन ॲक्शनच बसू देणार नाही.

एपॉक्सी हळू सुकणारं घ्यायचं. पाच मिनिटांत सुकणारं जाड थरात ओतलं की तापतं आणि पातळ प्लॅस्टिकच्या भिंती वाकवतं, फट वाढवायला जाऊन कमी झाली असं होतं. दोन थरांत ओता, खोबणीच्या कडेपासून 3 मिमी खाली थांबा, 24 तास हात लावू नका. वाळल्यावर बॅरलपेक्षा 3 मिमी जाड पाइपला 80 नंबरचा पेपर गुंडाळून खोबण सगळीकडून मोठी करायची, बाजूंनाही. वजन 150 ते 200 ग्रॅम वाढतं आणि तेही पुढच्या टोकाला, जिथे ते हवंच असतं.

आता पिशवी आणि बायपॉड यांच्या झिरोत 0.1 मिलचा फरक आहे, तोही कधी असतो कधी नसतो. उन्हात तासभर ठेवूनही फार हलत नाही. खर्च चेसिसच्या तुलनेत किरकोळ. तरीही कारखान्यात मोल्डमध्ये दोन कडक पट्ट्या घातल्या असत्या तर कंपनीचं काय गेलं असतं, हा राग आहेच.

बाकीच्या गोष्टी पटकन. बोल्ट सुरुवातीला खरखरतो, लगच्या मागच्या बाजूला ग्रीसचा ठिपका द्या आणि रिकामा चालवत राहा, सुटतो. ट्रिगर 1.1 किलोपर्यंत खाली येतो, तेवढा पुरे. ॲडजस्ट केल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करून आणि बट जमिनीवर ठोकून पाहायचं. स्ट्रायकर (काडतुसावर आघात करणारी सुई) सुटला तर ट्रिगर पुन्हा जड करायचा, तिथे काटकसर नाही. गालाचा टेकू 50 मिमीच्या स्कोपसाठी ठेंगणा आहे, फोम आणि पट्ट्याचा चीकपीस लावा. मझल ब्रेकने धक्का कमी होतो, धूळ आणि आवाज वाढतो. शेजारच्या लेनवरचे दात खातात, कानाला दुहेरी संरक्षण लावा.

स्कोपवर मात्र थांबायला हवं, कारण पहिली रायफल घेणारे सगळे पैसे रायफलीत घालतात. 140 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मॅच गोळी 820 मीटर/सेकंदाने निघाली तर 900 मीटरसाठी साधारण 9 मिल वर डायल करावे लागतात, म्हणजे स्कोपची उंचीची चकती (टरेट) तेवढी फिरवावी लागते. स्कोपचा एकूण प्रवास 20 मिल असेल तर सपाट रेलवर (स्कोप बसवायच्या पट्टीवर) झिरोच्या वर 10च्या आसपास उरतात, म्हणजे काठावर पास. 20 एमओएची उतरती रेल घेतली की 5.8 मिल आणखी मिळतात. रेल फार महाग नाही, आधी तीच घ्या. स्कोपच्या रिंगच्या वरच्या स्क्रूंना 15 ते 18 इंच-पाउंड, कोरडे. लॉकटाइट (स्क्रूचा गोंद) घालून तोच आकडा लावला तर घर्षण घटल्यामुळे प्रत्यक्ष पकड जास्त बसते आणि स्कोपची नळी चेपते.

स्वस्त स्कोपच्या काचेबद्दल लोक भांडतात, पण खरा प्रश्न टरेट सांगितलेलं अंतर चालतं की नाही हा आहे. 100 मीटरवर उंच कागद लावा, ओळंबा सोडून उभी रेघ मारा, तळाशी निशाण धरून ग्रुप मारा, मग 10 मिल वर डायल करून त्याच निशाणावर पुन्हा. दोन्ही ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर 1 मीटर हवं आणि वरचा ग्रुप रेघेवरच हवा. 97 सेंमी आलं तर स्कोप 3 टक्के कमी चालतो. तो आकडा बॅलिस्टिक ॲपमध्ये भरला की भागतं, स्कोप बदलायची गरज नाही. पण दरवेळी वेगळा आकडा येत असेल तर लगेच परत करा. रेघ सोडून ग्रुप बाजूला गेला तर रेटिकल (स्कोपमधली फुली) तिरपं बसलंय. रायफल नुसती 3 अंश कलली तरी 9 मिलच्या डायलवर 900 मीटरला 40 सेंमीहून जास्त बाजूला मार जातो, म्हणून बबल लेव्हल लावा. ही सगळ्यात स्वस्त ॲक्सेसरी आहे आणि सगळ्यात जास्त लोक टाळतात.

कॅलिबरचा वाद नेहमीचाच. 1000 यार्डांचा पल्ला खरंच उपलब्ध असेल तर 6.5 क्रीडमूर. 2007 साली ते आलंच मुळी टार्गेटसाठी. .308च्या 175 ग्रेनच्या गोळीपेक्षा वारा 6.5च्या गोळीला बराच कमी ढकलतो. त्याची किंमत बॅरलच्या आयुष्यात मोजावी लागते: 6.5चं बॅरल अंदाजे 2500 ते 3000 गोळ्या, .308चं 5000च्या पुढे सहज. हातात 500-600 मीटरच असतील तर 1:8 ट्विस्टची .223 घ्या, 77 ग्रेनच्या गोळीने तिथवर छान काम होतं आणि काडतूस स्वस्त पडतं. हिशेब करताना रायफलीच्या किमतीत अडकू नका. एक बॅरल झिजवेपर्यंत लागणाऱ्या काडतुसांची किंमत रायफलीच्या कितीतरी पट होते. शिवाय काडतूस हलक्या दर्जाचं घेऊन उपयोग नाही. वेगात 1 टक्का फरक पडला तरी 900 मीटरवर गोळी 15 सेंमीहून जास्त वर-खाली जाते, आणि ती बॅरलची चूक समजून लोक बॅरल बदलत बसतात. डायल आणि वारा शिकायचा असेल तर साधी .22 घेऊन 200 मीटरवर बसा. तिथे तिलाही साधारण 9 मिल वर जावं लागतं, खर्च मात्र नगण्य.

शेवटची कुरकुर मॅगझिनची. या रायफलीला कंपनीचंच प्लॅस्टिक मॅगझिन लागतं, एआयसीएस पॅटर्न (अनेक कंपन्यांच्या रायफलींत चालणारा मॅगझिनचा प्रकार) बसत नाही. चालतं व्यवस्थित, पण एका मॅगझिनची किंमत ऐकून स्टॉकमध्ये वाचवलेले पैसे कुठे गेले ते कळतं. तोच निर्माता थोडे जास्त पैसे घेऊन एआयसीएस मॅगझिन घेणारी बॉटम मेटल (खालची चौकट) असलेली आवृत्ती विकतो. अजून घेतली नसेल तर ती घ्या, बॅरल आणि ॲक्शन तेच आहे. स्टॉकचं टोक मात्र त्याही आवृत्तीवर मुठीत दाबून बघाच.