ब्लॉकिंग मॅटचा संच: नऊ महिने, एक पावसाळा आणि 384 शेपट्या

संच घेतला डिसेंबरात, लिहितेय आता सप्टेंबरात, गणपती गेल्यावर. मुद्दाम थांबले होते. असल्या वस्तूंना लोक खोका उघडल्या उघडल्या पाच चांदण्या देऊन मोकळे होतात, आणि क्रोशाच्या सामानाची खरी परीक्षा पुण्यात होते ती जुलैमध्ये.

आधी खोक्यात काय होतं ते सांगते. फोमचे एकमेकांत अडकणारे नऊ चौकोन, एकेक साधारण फूटभर, वर इंचाइंचावर रेघा. डबीत शंभर टी-पिना, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारख्या डोक्याच्या टाचण्या. कंगव्यासारखे दाते असलेले प्लॅस्टिकचे आठ ठोकळे. बोथट टोकाच्या तीन सुया आणि ठेवायला जाळीची पिशवी. ऑनलाइन साडेअकराशे रुपये पडले. पाचपैकी साडेतीन चांदण्या देईन, त्यातल्या तीन एकट्या फोमच्या.

ज्यांनी ब्लॉकिंग कधी केलं नाही त्यांच्यासाठी: विणून झालेली वस्तू ओली करायची, हव्या त्या मापाला ओढून पिना टोचायच्या आणि तशीच वाळू द्यायची. आमच्या आयांनी गादीवर जुनं धोतर पसरून टाचण्यांनी हेच केलं, फक्त त्याला नाव नव्हतं. मीही वीस वर्षं तसंच करत आले. गादी ओली होते, टाचणी आडवी पडते, आणि रात्री त्याच गादीवर झोपायचं असतं म्हणून रुमाल अर्धा ओला असतानाच उचलावा लागतो. गोल रुमाल अंडाकृती व्हायचा तो इथेच.

फोमवर टी-पिन सरळ उभी राहते. एवढ्याशा गोष्टीने किती फरक पडतो ते पहिल्याच रुमालात कळलं. पांढरा सुती दोरा, 1.25 मिलिमीटरची क्रोशाची सुई, कडेला सोळा पाकळ्या. आधी मध्यावर एक पिन, मग घड्याळातले बारा, सहा, तीन आणि नऊ, मग त्यांच्या अधलेमधले. क्रमाने एकापुढे एक टोचत गेलं तर शेवटची पाकळी हमखास कमी पडते, म्हणून कायम समोरासमोर टोचायचं. वाळल्यावर पिना काढल्या आणि रुमाल टीपॉयवर ठेवला तर कुठेच वर उचललेला नाही. सासूबाईंनी तो उचलला, उलटा केला आणि म्हणाल्या, "वरून छान झालाय गं. पण या उंदराच्या शेपट्या कसल्या?"

उलट बाजूला दोऱ्याची तीन टोकं बाहेर डोकावत होती. आणि मी तर ती टाक्यांत नीट ओवून, अगदी टाक्यालगत कापली होती.

इथे माझ्या कामाची उलटापालट झाली. मी आजवर टोक ओवायचे, लगेच कापायचे आणि मग धुवायचे. धुतल्यावर विणकाम सैलावतं, पसरतं, आणि आत दडवलेलं टोक तेवढंच मागे सरकून बाहेर पडतं. आता क्रम बदललाय: टोकं ओवायची पण कापायची नाहीत, वस्तू ओली करून ताणून वाळवायची, पिना काढल्यावर हाताने दोन्ही बाजूंनी एकदा ओढायची आणि मगच कात्री. तेव्हाही दोन-तीन मिलिमीटर ठेवून. फेब्रुवारीपासून एकही शेपूट बाहेर आलेली नाही. संचासोबतच्या इंग्रजी कागदावर याचं अवाक्षर नाही.

ओवायचं कसं, तेही सांगते, कारण माझं निम्मं आयुष्य चुकीचं ओवण्यात गेलं. टोक निदान वीतभर ठेवायचं. दोरा वाचवायला मी चार बोटं ठेवायची, आणि मग सुईत ओवायलाच पुरायचं नाही. बोथट सुईने खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, बुडातून एका दिशेने दीड-दोन इंच जायचं, शेवटचा एक वेढा सोडून वळायचं, त्याच वाटेने परत यायचं, मग तिसऱ्यांदा पुन्हा उलट. येताना सुई टाक्यांच्या खालून नुसती सरकवायची नाही, दोऱ्याचे पदर फोडून मधून काढायची. तकतकीत सुती दोरा आणि अॅक्रिलिक दोन्ही निसरडे. पदरात अडकले तरच थांबतात. खरी मेंढीची लोकर एकमेकींना धरून राहते, पण पुण्याच्या हवेत ती घालणार कोण! आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक अॅक्रिलिकच.

शेजारच्या काकूंनी आंध्रातून नरसापूरचा टेबलक्लॉथ आणलाय. तिथल्या क्रोशाच्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी तो मागून घेतला, उलटा करून खिडकीशी धरला, चष्मा लावून दोनदा शोधलं. टोक सापडलं नाही. तेव्हापासून माझं नाक जरा खाली आहे.

संचातल्या सुयांबद्दल थोडक्यात: दोन प्लॅस्टिकच्या होत्या, एकीचं नेढं दुसऱ्याच आठवड्यात तुटलं, दुसरी वाकली. धातूची एक उत्तम आहे. कंगव्यासारखे ठोकळे सरळ कडेला बरे, पाकळ्यांना निरुपयोगी.

मार्चमध्ये भाचीच्या बाळासाठी चौकोनांची गोधडीवजा दुलई विणायला घेतली. 48 चौकोन, प्रत्येकात चार रंग. प्रत्येक रंगाचं एक टोक सुरू होताना आणि एक संपताना, म्हणजे चौकोनाला आठ. एकूण 384. एकेकाला दोन मिनिटं धरली तरी जवळजवळ तेरा तास. हा हिशेब मी विणायला बसण्याआधी केला असता तर बाळाला टोपडं मिळालं असतं. निम्म्यानंतर शहाणी झाले: चौकोन झाला की त्याची आठ टोकं ओवल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही.

सगळे चौकोन एकाच मापाचे करून मग जोडायचे होते, आणि त्यात फोम फार उपयोगी पडला. एकेका तुकड्यावर चार चौकोन, पाच-पाच इंचांवर टाचलेले. पण रेघांवर डोळे मिटून विसंबू नका. एका तुकड्यापुरत्या त्या बरोबर आहेत, दोन तुकड्यांच्या जोडावर मात्र जवळजवळ अर्धा सेंटीमीटर सरकतात. मोठ्या कामाला मी शिंप्याची टेपच लावते.

याच दुलईत घोळ घातला. अॅक्रिलिक ओलं करून टाचलं तर वाळेपर्यंत शहाण्यासारखं राहतं आणि पिना काढल्यावर पुन्हा आक्रसतं. त्याला वाफ लागते. मला घाई होती, म्हणून वाफेची इस्त्री सरळ एका कोपऱ्यावर टेकवली. दोन सेकंद. तेवढा भाग चपटा, चकचकीत आणि शिजून गाळ झालेल्या शेवयांसारखा लुळा पडला. अॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. एकदा वितळून बसलं की धुवा, पिळा, ओढा, परत येत नाही. खालच्या फोमवर इस्त्रीचा त्रिकोण उमटला तो वेगळाच. हा फोम ईव्हीए नावाच्या मऊ प्लॅस्टिकचा असतो, इस्त्रीची धग त्याला सोसत नाही. यात दोष माझा, संचाचा नाही. आता खाली जाड टॉवेल घालते, इस्त्री तीन-चार बोटं वर धरून नुसती वाफ सोडते आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पिना काढत नाही. त्या कोपऱ्यातले दोन चौकोन उसवून नवे लावले. आणखी सोळा शेपट्या.

काही गोष्टी मात्र या फोमच्या बापालाही जमत नाहीत. दुलईची किनार लाटांसारखी फिरली तर टाके जास्त पडलेत, आत ओढली गेली तर कमी. दोन्ही वेळा उसवणं आलं. मी कोपऱ्यात तीन मुके खांब, म्हणजे आखूड टाके, घेते आणि उभ्या कडेला खांबाच्या एका ओळीमागे दोन. गोल कामाचा शेवटही हातानेच सुधारावा लागतो. पूर्वी मी साधा जोड घेऊन गाठ मारायचे आणि तिथे नेहमी एक फोड दिसायची. आता दोरा कापून सरळ वर ओढून घेते, सुईत ओवते, फेरीतल्या दुसऱ्या टाक्याच्या दोन्ही पायांखालून, म्हणजे माथ्यावरच्या दोन्ही दोऱ्यांखालून, नेते आणि शेवटच्या टाक्याच्या मागच्या पायात उतरवते. खोटी साखळी तयार होते, बाकीच्या साखळ्यांएवढीच. ती जरा सैल सोडायची. ओढलीत की पुन्हा फोड. कोस्टर वळवून वळवून बघा, फेरी कुठे संपली ते मलाही सांगता येत नाही.

मे महिन्यात सगळं झकास चाललं होतं. सकाळी नऊला टाचलेला रुमाल जेवणं होईस्तोवर खडखडीत. मग पावसाळा आला.

आमचं घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, ऊन येतं ते फक्त सकाळी तासभर. जुलैत तेही नाही. जावेने गौरींसमोर लावायला पांढरं तोरण सांगितलं होतं, दारापेक्षा रुंद, खालच्या कडेला नक्षीची सदतीस टोकं. तीन तुकड्यांवर टाचून दिवाणखान्यात पंख्याखाली ठेवलं. दोन दिवस झाले तरी खालची बाजू दमट, कारण फोममधून पाणीही जात नाही आणि हवाही. तिसऱ्या दिवशी कुबट वास आला म्हणून पिना काढल्या, आणि प्रत्येक टोकाशी एक तपकिरी ठिपका. सदतीस टोकं, सदतीस ठिपके. पिना गंजल्या होत्या. डबीवर 'गंजरोधक' लिहिलेलं आहे बरं का! विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की परतीची मुदत संपली. डिसेंबरात पाऊस नसतो, हे त्यांनाही ठाऊक असणार.

ब्लीच लावायचा मोह झाला तर हात आवरा, गंजाचा डाग त्याने आणखी पक्का होतो. मी लिंबाचा रस आणि मीठ लावलं. ऊन नव्हतं, म्हणून चहाच्या भांड्याच्या वाफेवर एकेक टोक धरलं. दोन वेळा केल्यावर बहुतेक गेले, सहा-सात ठिकाणी पिवळट सावली राहिली. तिथे जावेने शेवंती लावली. आलेल्या बायकांपैकी कुणालाही कळलं नाही. म्हणजे तिने मला तसं सांगितलं.

त्यानंतर रविवार पेठेत जाऊन स्टेनलेस स्टीलच्या पिना घेतल्या. शिवाय आता वस्तू आधी टॉवेलात गुंडाळून त्यावर गुडघा टेकून पाणी काढते. मोठी असेल तर उशीच्या अभ्र्यात घालून मशीनमध्ये नुसती फिरवते. फोमचे तुकडे जमिनीवर न ठेवता कपडे वाळवायच्या आडव्या स्टँडवर ठेवते आणि अर्धवट वाळल्यावर वस्तू उचलून फोम पुसून घेते. एवढं केलं की पावसातही दीड दिवसात काम होतं.

तोरण आणि कोस्टर ताठ हवे असतील तर मी बाजारच्या फवाऱ्यापेक्षा साबुदाण्याची खळ देते: एक मोठा चमचा साबुदाणा दोन वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा, कोमट असताना वस्तू बुडवून हलकी पिळायची आणि टाचायची. फोमवर खळीचा थर बसतो, पण ओल्या फडक्याने निघतो. खळ दिलेलं काम कपाटात ठेवू नका, कसर लागते. धुऊन ठेवा, पुढच्या सणाला पुन्हा खळ द्या.

हाच संच पुन्हा घेईन का? नाही. लहान मुलांच्या खेळायच्या चटया असतात ना, अशाच अडकणाऱ्या, एकरंगी मिळाली तर ती, स्टीलच्या पिना वेगळ्या आणि धातूची एक बोथट सुई, एवढ्यात भागतं. ज्यांना शोधत फिरायचं नाही त्यांनी संच घ्यावा आणि पिनांची डबी पहिल्याच दिवशी बाजूला काढावी. माझ्या उरलेल्या पिना सध्या फळ्यावर विजेची बिलं धरून आहेत.

फोमचे आठ तुकडे अजून नव्यासारखे आहेत. इस्त्रीचा त्रिकोण असलेला नववा सासूबाईंनी देवघरासमोर नेलाय. त्यावर बसलं की गुडघे दुखत नाहीत म्हणतात.