पितळ म्हणून जस्त: गिटारचा ब्रिज बदलून घेणाऱ्यांनो, सांभाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ‘सस्टेन वाढवून देतो’, म्हणजे स्वर जास्त वेळ टिकेल असं करतो, म्हणत ब्रिजचा (तारा टेकतात त्या घोडीचा) ब्लॉक बदलणारा एक दुरुस्तीवाला आपल्या भागात आहे. भरीव पितळ म्हणून त्याने साडेचार हजाराला जे माझ्या गळ्यात मारलं, ते सोनेरी मुलामा चढवलेलं जस्त निघालं.

स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारला ट्रेमोलो ब्रिजखाली (दांडा हलवून स्वर खालीवर करता येतो अशा घोडीखाली), लाकडाच्या खाचेत, धातूचा एक ठोकळा असतो. तारांची टोकं त्यात अडकतात आणि मागून स्प्रिंगा त्याला ओढून धरतात. तोच ब्लॉक. १९५४ साली फेंडरने ही गिटार काढली तेव्हा तो पोलादी होता. पुढे १९७० च्या दशकात कंपनी जस्ताच्या ओतीव ब्लॉकवर आली, म्हणून पोलाद-पितळेचं कौतुक वादकांच्या तोंडी अजून असतं.

त्याचं बोलणं पटायचं, कारण ते निम्मं खरं होतं. ब्लॉक जड आणि घट्ट बसलेला असेल तर तारेची थरथर कमी जिरते, स्वर थोडा जास्त टिकतो. तंतुवाद्यं बनवणारं मिरज शेजारी असताना घोडीने आवाज बदलतो हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. पण तंबोऱ्याच्या जवारीचा (घोडीचा माथा घासून आवाज जुळवण्याचा) हिशेब इथे लागू होत नाही. पिकअप तारेची हालचाल चुंबकाने टिपतो. त्यामुळे पिकअप कोणता, तो तारांपासून किती अंतरावर, पॉट (आवाज-टोनच्या बटणामागचा रोधक) २५० किलोओहमचा की ५०० चा, तारा ताज्या की गंजक्या, यांनी जेवढा फरक पडतो त्याच्या पासंगालाही ब्लॉक पुरत नाही.

हे त्यालाही चांगलं ठाऊक असणार. आधी माझ्या जुन्या तारांवर एक कॉर्ड वाजवून दाखवला. मग ब्लॉक बदलला, नव्या तारा चढवल्या, पिकअपचे स्क्रू फिरवून तो वर घेतला आणि पुन्हा तोच कॉर्ड. “कान देऊन ऐका की ओ सर, कसं खणखणीत वाजतंय!” वाजणारच. वर ब्लॉकला लोहचुंबक लावून दाखवला: “चिकटत नाही बघा, म्हणजे पितळ.” चुंबक जस्तालाही चिकटत नाही, हे तेवढं सांगितलं नाही. बिल मागितलं तर “बिलाला जीएसटी लागतंय, सोडा की.” जुना ब्लॉक? “भंगार हाय ते, राहू द्या इथंच.”

काही दिवसांत ट्रेमोलोचा दांडा डगडगायला लागला. भोकातले आटे झिजले होते आणि कडेचा मुलामा उडून आतला राखाडी धातू दिसत होता. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या मित्राने कानशीचा एक हात मारला. “पितळ आतनं पण पिवळंच असतंय लेका. हे जस्त हाय, डायकास्टिंगचं.”

मग काट्यावर ठेवला: २३२ ग्रॅम. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि ब्लॉक दोऱ्याने, तळाला टेकू न देता, पूर्ण बुडवला. काट्याने ३५ दाखवले, म्हणजे ब्लॉकएवढ्या आकारमानाच्या पाण्याचं वजन. २३२ भागिले ३५ म्हणजे ६.६, ही त्याची घनता. जस्ताच्या मिश्रधातूचा आकडा हाच. पोलादाचा ७.८ आणि पितळेचा साधारण ८.५ येतो, म्हणजे याच मापाचा पितळी ब्लॉक तीनशे ग्रॅमच्या घरात भरला असता. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरही हे जमतं. टोनवर वाद घालत बसलात तर तो तुम्हाला बोलण्यात गुंडाळणारच. वजनाला त्याच्याकडे उत्तर नाही.

हाडाचा म्हणून तो नटही (गिटारच्या मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) विकतो. नटचा आवाजाशी संबंध मुख्यतः मोकळ्या तारांपुरता, पण पैसे तर हाडाचे घेतो. तापवलेल्या सुईचं टोक एका कोपऱ्याला टेकवा. प्लास्टिक वितळतं; हाडाला केस जळाल्यासारखा वास येतो.

पैसे परत मागायला गेलो तर म्हणे, “मुलामा पितळेचाच हाय की!” बिल नसल्यामुळे तो निर्धास्त आहे. तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवर त्याने ‘सॉलिड ब्रास’ लिहिलेलं हाताशी आहे, तेवढ्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय.

त्याच्या टेबलाखाली डब्यात काढलेले ब्लॉक पडले होते. त्यात माझाही होता, खालच्या कडेवर मीच मारलेली खूण होती. त्याचाच चुंबक उचलून लावला तर टक्कन चिकटला. पोलादी! माझा आहे, परत दे म्हटलं.

“ओळखीचे म्हणून तुम्हाला आठशेला देतो.”