मोफत सभेचा खर्च : शुभंकर गटातील नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यातील दुसऱ्या शनिवारी चार वाजून सतरा मिनिटांनी मी आमच्या शुभंकर गटाच्या सभेला पोहोचले, तेव्हा दार आतून लावलेले होते आणि त्यावर ‘पंधरा मिनिटांनंतर प्रवेश नाही’ असा कागद चिकटवलेला होता. उशीर माझ्यामुळे झाला नव्हता. मुलाजवळ बसायला ब्युरोतून येणाऱ्या मावशींची बस चुकली होती आणि त्या आल्याशिवाय मी घर सोडत नाही. मानसिक आजाराच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या माणसांसाठी चालणाऱ्या सभेत, रुग्ण सांभाळता सांभाळता उशीर झालेल्या माणसाला बाहेर उभे करतात, हे मला फार लागले. गटाबद्दलचा पुढील अभिप्राय थोडा रागात लिहिला आहे, हे वाचणाऱ्यांनी धरून चालावे.

मी नाशिकला राहते. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. यजमान नाहीत. मुलगा ३१ वर्षांचा आहे आणि त्याच्या स्किझोफ्रेनियाला नऊ वर्षे झाली. या वर्तुळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. सुरुवातीला मला हे शब्द लग्नपत्रिकेतले वाटत असत, आता ते माझ्याही तोंडात बसले आहेत. आधी आठ रविवारांचा शिक्षणवर्ग, त्याचे शुल्क पुस्तिकेसह १,५०० रुपये, आणि त्यानंतर दरमहा एक सभा मोफत, अशी आमच्या गटाची रचना आहे.

शिक्षणवर्गाबद्दल माझी तक्रार नाही; ते १,५०० रुपये वसूल झाले. लक्षणांच्या तासाला ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ असे दोन प्रकार फळ्यावर लिहिले, तेव्हा माझ्या शेजारी बसलेले एक वडील सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, “चला, आमच्याकडे निदान पॉझिटिव्ह तरी आहेत.” भास, संशय, कानात बोलणारे आवाज हे पॉझिटिव्ह, म्हणजे जे नसायला हवे ते असणे, आणि उत्साह, बोलणे, माणसांत मिसळणे आटून जाणे हे निगेटिव्ह, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला आणि माझाही, निराळ्या कारणाने. मुलगा अकरा वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहतो म्हणून मी त्याला नऊ वर्षे आळशी म्हणत आले होते. आवाज गोळ्यांनी पुष्कळ कमी होतात, पण हे पडून राहणे गोळ्यांना तितकेसे दाद देत नाही, ही गोष्ट दवाखान्यातील पाच मिनिटांच्या भेटीत मला कोणी सांगितली नव्हती. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध सुरू असताना पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी का करतात, हेही तिथेच समजले. तोवर मी तो प्रयोगशाळेने लावलेला खर्च समजत होते.

आता मासिक सभेकडे येते. सभा मोफत आहे, असे सगळीकडे सांगितले जाते, पण माझ्या वहीतला हिशेब वेगळा आहे. मावशींचे चार तासांचे ४०० रुपये आणि रिक्षाचे जाऊन-येऊन १८०, म्हणजे एका सभेला ५८० रुपये पडतात. सहा सभांचे ३,४८० झाले, म्हणजे शुल्क असलेल्या वर्गाच्या दुपटीहून अधिक. या गटाची आखणी करणाऱ्यांनी प्रत्येक घरात दोन शुभंकर गृहीत धरले आहेत, एक सभेला येणारा आणि एक घरी थांबणारा. विधवा आई, निवृत्त वडील, नोकरी करून भावाला सांभाळणारी बहीण, अशा एकट्या माणसांनी काय करावे, याचे उत्तर त्यांच्या पत्रकात कुठेच नाही. मी तिसऱ्या सभेत विचारले, तेव्हा “नातेवाइकांची मदत घ्या” असे उत्तर मिळाले. नातेवाईक असते तर मी तिथे गेले असते कशाला?

इमारतीत शेजारची खोली रिकामी असते. तिथे शुभार्थींना बसवावे, कॅरम ठेवावा, एखाद्या स्वयंसेवकाने लक्ष द्यावे, एवढेच माझे म्हणणे होते. ही कल्पना काही जगावेगळी नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूत रुग्णाबरोबर राहायला लावले आणि त्यांना आजार समजावून सांगितला. पुढे वेल्लोरलाही कुटुंबासह राहण्याची सोय झाली. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू करणारे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते आणि या कामाकडे ते पत्नीच्या आजारपणातून वळले. ज्या कामाची सुरुवात घरातल्या माणसांनी केली, त्यात घरी कोण थांबणार हा प्रश्न अनुत्तरित राहावा, याचे मला आश्चर्य वाटते.

इथवरचा मजकूर मी त्याच रात्री लिहिला होता. पुढचा महिनाभराने लिहीत आहे आणि त्यात माझे मत थोडे बदलले आहे.

दार बंद असल्यामुळे त्या दिवशी मी जिन्यात बसले होते. तिथे आधीच आणखी एक उशिरा आलेले गृहस्थ बसले होते. वय पंचाहत्तरच्या आसपास, त्यांची मुलगी चाळीस वर्षांची आहे. सभेत प्रत्येकाला बोलायला चार मिनिटे मिळतात; जिन्यात आम्हाला दीड तास मिळाला. गेल्या वर्षी मुलाच्या अपंगत्व प्रमाणपत्रात टक्केवारी चाळीसच्या खाली आल्याचे मी त्यांना सांगितले. चाळीस टक्के असल्याशिवाय अशा प्रमाणपत्राचा फारसा उपयोग होत नाही. त्यांनी विचारले, “वैद्यकीय मंडळासमोर उत्तरे कोणी दिली?” मी दिली होती. ते म्हणाले, “तो स्वतः अंघोळ करतो का, असे विचारल्यावर तुम्ही हो म्हणालात, बरोबर?” बरोबरच होते. सकाळपासून चार वेळा सांगावे लागते, पाणी मी काढते, कपडे मी ठेवते, हे मी सांगितले नव्हते. मानसिक आजारासाठी जी ‘आयडियाज’ मोजपट्टी वापरतात, तिच्यात स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम असे चार भाग तपासले जातात आणि आजार किती वर्षांचा आहे हे त्यात धरले जाते. परक्या माणसांपुढे मुलाची अब्रू राखायला मी चारही ठिकाणी त्याला उजवे ठरवून आले होते. लेखा विभागात आयुष्य काढलेल्या बाईने हिशेब असा चुकवावा, याची मला लाज वाटली.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा मुद्दाही त्यांनीच काढला. मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकते, हे मी नोकरीत असताना दुसऱ्यांच्या फाइलींत पाहिलेले होते. स्वतःच्या फाइलीत मुलाचे नाव लिहायला हात धजला नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे मुलाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला मदत करणारा माणूस, लेखी नेमता येतो, हे वर्गात ऐकले होते, पण मी गेल्यावर तो कोण असेल याचा विचार त्या जिन्यात पहिल्यांदा केला.

मग त्या गृहस्थांनी मला विचारले, “तुमचा मुलगा एकटा राहू शकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे का?” डॉक्टरांनी तसे कधीच सांगितले नव्हते, ते मीच ठरवले होते.

घरी येऊन पुस्तिकेतले सहाव्या रविवारचे पान काढले. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी मांडलेला ‘एक्स्प्रेस्ड इमोशन’चा सिद्धान्त त्यात आहे : घरात टीका, वैर किंवा भावनिक अतिगुंतवणूक फार असेल, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, आणि अशा घरात समोरासमोरचा सहवास आठवड्याला ३५ तासांहून अधिक असला, तर ती आणखी वाढते. वर्गात हे ऐकताना मी भारतातील घरांत टीकेचे प्रमाण कमी आढळले, या चंदीगडच्या अभ्यासाच्या ओळीखाली समाधानाने रेघ मारली होती. आता ३५ या आकड्याखाली मारली. आम्ही दोघे जागेपणीचे चौदा तास एका छताखाली असतो. सात दिवसांचे ९८ होतात.

दुसऱ्या दिवशी, पुढच्या महिन्यापासून मावशींना बोलवावे की नाही, असे मी मुलालाच विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “त्या येऊन टीव्ही बघतात. चहा मी करून देतो. पैसे त्यांना का देतेस?” नऊ वर्षांत त्याने माझ्याशी व्यवहाराचे इतके नेमके बोललेले मला आठवत नाही. घासाघीस झाली आणि २०० रुपयांवर ठरले. शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिली, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फ्रिजवर चिकटवला आणि या शनिवारी मी पंधरा मिनिटे आधी सभेला पोहोचले. सभेत काय बोलले गेले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तीन वेळा बाहेर जाऊन घरी फोन केला. तिसऱ्या वेळी त्याने उचलला नाही. आले तेव्हा दार नुसते लोटलेले होते, दूध उतू गेले होते आणि तो झोपला होता. गॅस बंद केलेला होता.

गटाबद्दलचे माझे मुख्य म्हणणे मी मागे घेतलेले नाही. माझा मुलगा तीन तास एकटा राहू शकला. त्या गृहस्थांची मुलगी राहू शकत नाही आणि ते याही शनिवारी उशिरा येऊन जिन्यातच बसले होते. शेजारच्या खोलीसाठी आम्ही दोघांच्या सहीने लेखी अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. “विचार करू,” असे तोंडी उत्तर आले. दारावरचा कागद अजून तसाच आहे, म्हणून पाचपैकी मी तीनच तारे देत आहे. वर्गाला वेगळे गुण देता आले असते, तर साडेचार दिले असते.

माझ्या हिशेबाच्या वहीत त्या तारखेला मुलाने स्वतः नोंद केली आहे : ‘आईची सभा. मिळाले २००. दूध वजा करू नये.’