रॅलेच्या नावात एस नसतो

सायकलीच्या खालच्या नळीवरचा ‘रॅले’ लिहिलेला स्टिकर मी हँडलकडच्या टोकापासून सोलायला घेतला होता. बोटभर पट्टी सुटली आणि खालच्या हिरव्या रंगात एक गडद वळण दिसलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इंग्रजी एस. ड्रायर बंद केला आणि तिथेच गच्चीवर बसलो. रॅले हे विलायती सायकल कंपनीचं नाव इंग्रजीत कसंही लिहा, त्यात एस येत नाही.

ही सायकल मी डिसेंबरात इथेच इंदुरात घेतली, ‘असली विलायती, नॉटिंगहॅमची’ म्हणून. १४,५०० रुपये, रोख. आजोबांकडे रॅले होती, ती मी फक्त फोटोत पाहिलेली. हे मी विकणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, हा माझा गाढवपणा. त्यानंतर भाव कमी होणार कसा?

माणूस जुन्या वस्तूंचा धंदा करतो. ग्रामोफोन, पितळी दिवे, टाइपरायटर असलं बरंच काही गोदामात भरलेलं. फोन केला की वेळ नेहमी संध्याकाळी सातनंतरची द्यायचा. आत एकच पिवळा बल्ब. त्याने सायकल स्टँडवर चढवली, पेडल फिरवलं आणि चेनची चकरी माझ्यापुढे थांबवली. चकरीत कापून काढलेले तीन बगळे, म्हणजे रॅलेची खूणच. बगळे अस्सल होते, आणि मी तिथेच गळाला लागलो.

स्टिकर नवे वाटतात, हे मी विचारलंही होतं. “पुराने उखड़ गए थे साब, हमने नए लगवा दिए. पसंद न आएं तो निकाल देना.” इतकं सरळ उत्तर देणारा माणूस फसवत असेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

ते चकचकीत प्लॅस्टिकचे स्टिकर मला खरंच खटकत होते. म्हणून जुन्या पद्धतीचा, पाण्यात भिजवून सरकवत बसवायचा ट्रान्सफरचा संच ८५० रुपये देऊन मागवला आणि मे महिन्यात हे काढायला बसलो. आमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला म्हणाला होता, “थिनर मारो, दो मिनट का काम है.” तेवढं मात्र ऐकलं नाही ते बरं झालं. थिनरने स्टिकर जातो आणि जुना रंगही मऊ पडतो. मग जे दिसलं ते दिसलंच नसतं.

मी सायकल तासभर उन्हात ठेवली. इंदूरच्या मे महिन्यात अर्धं काम गच्चीच करते. मग बायकोचा ड्रायर वीतभर अंतरावरून, नळीवर हात जेमतेम टेकवता येईल इतकाच. जुन्या एटीएम कार्डाने कोपरा उचलायचा आणि पट्टी सरळ वर न ओढता, नळीला चिकटून मागे दुमडत सावकाश सोलायची. गादीखालच्या नळीवर मी घाई करून नखाने ओढलं, तर तांदळाएवढा रंगाचा टवका निघाला. मागे राहिलेल्या गोंदावर रॉकेलचा बोळा पाच मिनिटं ठेवला आणि नंतर साबणाच्या पाण्याने पुसून घेतलं.

एस दिसल्यावर शेजारच्या काकांना हाक मारली. काका हुकुमचंद मिलमध्ये होते, १९९१ साली मिल बंद पडेपर्यंत रोज सायकलनेच जायचे. वर आले, आधी पाणी मागितलं, मग मला टॉर्च धरायला सांगितलं. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसेना. टॉर्च नळीला टेकवून तिरपा धरला आणि एकेक अक्षर उठून आलं. काकांनी दुसऱ्या टोकाकडून वाचायला घेतलं. “एच, ई, आर...” पुढचं वाचलंच नाही. “अरे, ही तर हर्क्युलिस! मद्रासची. माझ्याकडे हीच होती, काळी.”

मद्रासला टीआय सायकल्स १९४९ साली सुरू झाली, त्यांची ही सायकल. पूर्वी नावाची अक्षरं जिथे होती तिथे ऊन पोचलं नाही, म्हणून तेवढा रंग गडद राहिला आणि भोवतालचा फिका पडला. विकणाऱ्याने अक्षरं घासून काढली, पण ही सावली घासून जात नाही. म्हणून तर त्याची पट्टी नळीला जवळजवळ पूर्ण वळसा घालत होती. एवढा रुंद स्टिकर कशाला, हे मी विचारायला हवं होतं.

मग मी हट्टालाच पेटलो. हँडलखालच्या नळीवरचा बगळ्याचा बिल्ला गरम करून मागून मासे पकडायची तंगूस फिरवली. बिल्ला अॅराल्डाइटने चिकटवलेला निघाला आणि खाली रिव्हेटची दोन जुनी भोकं, बिल्ल्याच्या भोकांशी न जुळणारी. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खांद्यावर रॅलेच्या रोडस्टरला दोन गोल चकचकीत टोप्या असतात. त्या इथे पहिल्या दिवसापासून नव्हत्या, मी पाहिल्याच नव्हत्या. शेवटी बॉटम, म्हणजे पेडलचा दांडा जिथे फिरतो तो भाग, उघडला. तिथे फिरवून बसवायच्या रॅलेच्या कपाला इंचाला २६ आटे, बाकी बहुतेक सायकलींना २४. ओळखीच्यांकडून आणलेला रॅलेचा कप अर्धा फेराही आत गेला नाही.

पट्टीची कड मी गोदामात नखाने चाचपली असती तरी पुरलं असतं. कारखान्यातला ट्रान्सफर पातळ असतो, बहुधा वर वॉर्निशचा हात असतो, नख त्यावरून घसरत जातं. नंतर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या कडेला नख अडतं. आणि तुमच्याकडे वॉर्निशखालचे जुने ट्रान्सफर असतील तर ते कितीही तडकलेले असोत, काढू नका. सायकलीचा जन्मदाखला तोच. सायकल बघायची तर दिवसा, उघड्यावर, आणि स्टिकरच्या बाहेर काय आहे ते आधी बघा.

हर्क्युलिस वाईट सायकल आहे असं कुणी समजू नये. काका म्हणाले तशी ती “पोती वाहायची” आणि हर्क्युलिस म्हणून तीन हजारांना मिळाली असती तर मी आनंदाने घेतली असती.

परवा गोदामात गेलो. तो जराही गडबडला नाही. “मैंने कब बोला फ्रेम रॅले की है? गरारी रॅले की है, देख लो.” मी त्याने दिलेली चिठ्ठी काढली, तर त्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, ‘पुरानी साइकिल, १ नग’. घेताना ती मी वाचलीही नव्हती, घडी करून खिशात घातली होती.

मागे स्टँडवर एक लालसर सायकल चढवलेली होती. खालच्या नळीवर तीच रुंद पट्टी, तीच सोनेरी अक्षरं. मी जाऊन कडेवरून नख फिरवलं. अडलं.

“साब, हाथ मत लगाओ,” तो म्हणाला, “ग्राहक आने वाला है.”

पावणेसात वाजले होते, बाहेर अजून उजेड होता.