फायब्रोमायल्जिया: साताऱ्याहून पुण्यापर्यंत, मला उपयोगी पडलेले डॉक्टर

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. डी.फार्म. झाल्यापासून काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे कुठल्या दुखण्याला कोण काय लिहितं हे चिठ्ठ्यांवरून रोज दिसतं. तरीही माझं स्वतःचं अंग ठणकायला लागल्यावर नेमकं कुणाकडे जायचं ते कळायला बरीच वर्षं गेली. सकाळी उठावं तर अंग आंबलेलं, मान-खांदे-कंबर-मांड्या सगळीकडे रग, रात्रभर पडूनही झोप झाल्यासारखं नाही, आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. या दुखण्याचं नाव फायब्रोमायल्जिया, हे मला फार उशिरा कळलं. असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टरांची नावं देत नाही. कसा डॉक्टर शोधायचा ते सांगते.

आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. मानेचा एमआरआय झाला, ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणाले, पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या. चाळिशी ओलांडलेल्या कुणाचाही एमआरआय काढला तर चकती थोडी सरकलेली दिसू शकते, दुखत नसलं तरी. दुसरीकडे ‘ताई, टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकलं. यावर जास्त लिहीत नाही.

पुण्यातल्या रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे, मला पहिल्यांदा कुणी हात लावून तपासलं. बोटांचे, मनगटांचे, गुडघ्यांचे सांधे एकेक दाबून सूज आहे का पाहिलं. मग एक कागद दिला. त्यावर शरीराचे १९ भाग होते, गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखलं तिथे खूण करायची. पुढे थकवा किती, उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, आठवण आणि लक्ष कसं आहे, या तिन्हींना शून्य ते तीन गुण. डोकं दुखतं का, ओटीपोटात दुखतं का, उदास वाटतं का, हेही विचारलं. हे सगळं किमान तीन महिने सारखं चालू असायला हवं. मी विचारलं, ते अठरा ठिकाणी दाबून बघतात ते नाही का करणार? ते म्हणाले, “मॅडम, ती १९९० ची पद्धत, अठरापैकी अकरा ठिकाणी दुखलं पाहिजे अशी. २०१० पासून त्याची सक्ती राहिली नाही.” हे सगळं त्यांनी घाई न करता सांगितलं, आणि माझ्या नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं. घरच्या माणसाने हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं फार गरजेचं असतं.

तपासण्या मोजक्याच लिहिल्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगात दाह आहे का ते बघायला), थायरॉईड, सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते बघायला), ड जीवनसत्त्व. माझी थायरॉईडची गोळी चालू आहे, म्हणून टीएसएच (थायरॉईडचीच तपासणी) पुन्हा बघितलं. एएनए आणि आरए फॅक्टर या संधिवाताच्या आजारांसाठीच्या रक्ततपासण्या पुन्हा करायला नको म्हणाले, कारण सांध्यांना सूज नाही, पुरळ नाही, ताप नाही. फायब्रोमायल्जिया रक्तात दिसत नाही, रक्त तपासायचं ते दुसरं काही नाही ना हे बघायला. थायरॉईड किंवा आमवात असलेल्या माणसालाही शिवाय फायब्रो असू शकतो, हेही त्यांच्याकडूनच पहिल्यांदा स्पष्ट कळलं.

‘संधिवात’ अशी पाटी कुणीही लावतं, म्हणून चिठ्ठीवरची पदवी वाचा. एमडी मेडिसिननंतर तीन वर्षांचं डीएम रुमॅटॉलॉजी किंवा त्याच्या बरोबरीचं डीएनबी (आता त्याला डीआरएनबी म्हणतात) केलेलं असलं की ते या विषयातले. मात्र प्रत्येकाने पुणे-मुंबई गाठायलाच हवी असं नाही. वेळ देणारा एमडी फिजिशियनही हे निदान करू शकतो. माझ्या डॉक्टरांनी दुसऱ्याच भेटीत साताऱ्यातल्या माझ्या फिजिशियनना पत्र लिहून दिलं: निदान काय, कुठली औषधं द्यायची, कुठली टाळायची, परत कधी पाठवायचं. या एका पत्रासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते.

औषधांचं मी थोडक्यात सांगते, कारण रोज तेच विकते. प्रीगॅबलिन ७५ मिलिग्रॅम (नसांच्या दुखण्यावरचं औषध) आणि मिथाइलकोबालमिन (बी-१२ जीवनसत्त्व) यांची एकत्र गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. काहींना तिने बरं वाटतं, काहींना चक्कर येते, पाय सुजतात, वजन वाढतं. अमेरिकेत या आजारासाठी २००७ मध्ये प्रीगॅबलिनला, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिनला आणि २००९ मध्ये मिल्नासिप्रानला मान्यता मिळाली. मला मात्र रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिली, झोपायच्या दोन तास आधी घ्यायची. तोंडाला कोरड पडते, पण झोप लागते. स्टेरॉइड आणि रोजच्या वेदनाशामक गोळ्या बंद करायला सांगितलं, यात त्या उपयोगी नाहीत म्हणून. ड्युलोक्सेटिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका, हे दुकानदार म्हणून माझं सांगणं.

आता खरं काम कुणी केलं ते. युरोपच्या संधिवात संघटनेच्या २०१७ साली छापून आलेल्या शिफारशींमध्ये ठाम शिफारस एकाच गोष्टीची आहे, व्यायामाची. आमच्या डॉक्टरांनी ते सांगितलं, पण करून घेतलं साताऱ्यातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्टने. आधी एका केंद्रात शेक आणि करंटच्या दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं होतं. पडून राहायचं, मशीन लावायचं, घरी यायचं. तासभर बरं वाटायचं, पुढे काही नाही. या मुलीने मशीनला हातच लावला नाही. तिने विचारलं, “काकू, दिवसभर दुकानात काय काय करता ते सांगा.” मग एका दुपारी दुकानात येऊन बघून गेली. जास्त खपाच्या स्ट्रिप वरच्या फळीवरून काढून कंबर ते छातीच्या मधल्या खणांत आणायला लावल्या, काउंटरमागे उंच स्टूल ठेवायला लावलं. चालणं पाच मिनिटांपासून सुरू केलं. तिचा नियम एकच, “दमायच्या आधी थांबायचं.” बरं वाटलं त्या दिवशी दुप्पट करायचं नाही, दुखलं त्या दिवशी अगदी बंद करायचं नाही. त्या बऱ्या दिवसांत हात आवरणं मला सगळ्यात अवघड गेलं, कारण साठलेलं काम तेव्हाच दिसतं. आता सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी अर्धा तास चालते. दुखणं गेलेलं नाही, पण दुकान दुसऱ्यावर टाकायची वेळ येते असे दिवस खूप कमी झालेत.

मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तेव्हा घरात कुजबुज झाली. डॉक्टरांनी स्पष्ट केलं होतं की दुखणं खरं आहे, वेदनेचा आवाज मज्जासंस्थेत वाढलेला आहे, आणि हे उपचार झोप व दुखण्याची धास्ती यांसाठी आहेत. व्हिडिओवर सत्रं झाली. रोज एकाच वेळी उठणं, दुपारी न झोपणं, एवढं पाळल्यानेही फरक पडला.

आता तक्रारी. पुण्याच्या ओपीडीत वेळ घेऊनही लोखंडी खुर्च्यांवर दोन-अडीच तास बसवतात. आधीच एसटीचा प्रवास, त्यात हे. अंगदुखीच्या रोग्यांसाठी निदान पाठ टेकायला गादीची खुर्ची तरी ठेवा. पहिल्या भेटीची फी माझ्या मते रास्त होती, पण मेडिक्लेममधून ओपीडीचा खर्च मिळाला नाही, हे धरून चला.

पहिल्यांदा जाताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, चालू गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घाला, नवरा, बहीण किंवा मुलगी कुणीतरी सोबत न्या. आणि फायब्रोचं निदान झालेलं असलं तरी सांध्याला सूज, रोजचा ताप, वजन उतरणं किंवा हातापायातली ताकद जाणं यातलं काहीही नवीन दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.